लाईट आहे, टीव्ही मात्र मुका

पाठीला मोठे पोट असलेला, काचेच्या पिक्चर ट्यूबचा टीव्ही आता दुकानात नवा मिळत नाही. तरी आपल्याकडच्या कितीतरी घरांत तो अजून शोकेसमध्ये आपली जागा धरून आहे. कुठे दादीला त्याच्याच बटणांची सवय आहे. कुठे अँटेना जाऊन केबल आली, केबल जाऊन सेट टॉप बॉक्स आला, पण खालचा सेट तोच राहिला. कुठे नवा घ्यायला या महिन्यात पैसे नाहीत आणि पुढच्या महिन्यात मुलांची फी आहे. अशा घरात एक दिवस बटण दाबले आणि काहीच झाले नाही, की प्रश्न पडतो: दुरुस्त करायचा की भंगारवाल्याला द्यायचा?

हा निर्णय बहुतेक वेळा मेकॅनिकच्या एका वाक्यावर होतो. "ट्यूब गेली." हे ऐकले की माणूस पुढे काही विचारत नाही. ट्यूब हा सेटचा जीव आणि ती बदलायची तर सेट ठेवण्यात अर्थ नाही, एवढे सगळ्यांनाच ठाऊक असते. म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, बाकीचा लेख वाचला नाही तरी चालेल. ज्या सेटमध्ये दिवा नाही, आवाज नाही आणि चित्रही नाही, त्याची ट्यूब जवळजवळ कधीच गेलेली नसते. ट्यूब कमजोर झाली तर चित्र अंधूक होते, एखादा रंग फिका पडतो, सकाळी चित्र उजळायला पाच-पाच मिनिटे लागतात. पण आवाज सुरू असतो. सगळेच बंद असेल तर दोष वीजपुरवठ्याच्या भागात असतो, नाहीतर त्या भागावर भार टाकणाऱ्या पुढच्या भागात. आणि तिथले बरेचसे सामान दोन आकडी रुपयांत मिळते.

गेली तीस वर्षे रायगड-रत्नागिरीच्या पट्ट्यात मी हे काम करतो. आता रोजचे काम एलईडी टीव्ही, इन्व्हर्टर आणि चार्जरचे आहे. पण आठवड्याला एखादा तरी पोटवाला सेट रिक्षातून येतोच, चादरीत गुंडाळलेला.

न उघडता कळणाऱ्या खुणा

मागचे झाकण घरच्यांनी उघडू नये, असे मी बजावून सांगतो. कारण पुढे येईलच. पण न उघडताही बरेच कळते, आणि हे कळलेल्या गिऱ्हाइकाला कोणी सहज गुंडाळू शकत नाही.

पहिली खूण आवाजाची. रंगीत सेट पूर्ण गार असताना, म्हणजे किमान अर्धा तास बंद असताना, मेन बटण दाबले की क्षणभर "धुम्म" असा दबका आवाज येतो. ट्यूबभोवती तारेचे एक मोठे वेटोळे असते. ट्यूबच्या आतल्या जाळीत शिरलेले चुंबकत्व काढून टाकण्यासाठी सुरुवातीला त्यातून जोराचा करंट जातो, त्याचा हा आवाज. बहुतेक सेटमध्ये हे वेटोळे फ्यूजच्या पुढे जोडलेले असते. म्हणजे "धुम्म" झाले तर पिन, वायर, बटण आणि फ्यूज हे चारही शाबूत आहेत, दोष त्यांच्या पुढे आहे. आवाज आलाच नाही तर आधी पिन दुसऱ्या सॉकेटला लावून बघा, त्या सॉकेटवर दुसरे काही चालते का तेही बघा. हसू नका. एक्स्टेन्शन बोर्डातली सैल पट्टी हा माझ्याकडे येणाऱ्या सेटचा एक नेहमीचा आजार आहे, आणि त्यासाठी लोक सेट डोक्यावर घेऊन येतात.

दुसरी खूण समोरच्या लाल दिव्याची. दिवा लागत असेल तर निदान लहान व्होल्टेज तयार होते आहे. अशा वेळी रिमोट बाजूला ठेवा आणि सेटवरचेच चॅनलचे बटण दाबून बघा. त्याने सेट उठला तर तुमचा टीव्ही ठणठणीत आहे, रिमोटचे सेल बदला.

तिसरी खूण पडद्याची. सेट सुरू होताना काचेवर बारीक "चर्र" आवाज येतो आणि हाताची पाठ पडद्याजवळ नेली की केस उभे राहतात. हे झाले तर हजारो व्होल्टचा उच्च दाब तयार होतो आहे, म्हणजे वीजपुरवठा आणि त्यापुढचा एलओटी नावाचा ट्रान्सफॉर्मर दोन्ही चालू आहेत.

चौथी खूण मला सर्वांत आवडते. खोलीतला दिवा बंद करा आणि सेटच्या मागच्या जाळीतून, हात न लावता, आत बघा. ट्यूबची निमुळती मान दिसते. सेट चालू असेल तर त्या मानेत केशरी रंगाचा छोटासा निखारा दिसतो. रंगीत सेटमध्ये या निखाऱ्याला वीज बहुधा एलओटीकडूनच मिळते. निखारा दिसतो आहे आणि पडदा काळा आहे, तर गोष्ट वेगळी, वीजपुरवठ्याला दोष देऊ नका. निखारा नाही, तर पुढचे वाचा. (बारा व्होल्टवर चालणाऱ्या लहान काळ्या-पांढऱ्या सेटमध्ये निखारा थेट बारा व्होल्टवर पेटतो, तिथे ही खूण उपयोगाची नाही.)

घरातल्या कोणीही या चार खुणा पाच मिनिटांत तपासाव्यात आणि कागदावर लिहून मेकॅनिककडे न्याव्यात. "टीव्ही लागत नाही" यापेक्षा "धुम्म आवाज येतो, दिवा लागत नाही, निखारा नाही" या वाक्याला मेकॅनिक वेगळा कान देतो.

वीज आत जाते कुठे

भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज फ्यूज आणि बटणातून चार डायोडांपर्यंत जाते. हे डायोड तिला एका दिशेने वाहायला लावतात, आणि मग ती एका मोठ्या, कुपीसारख्या कंडेन्सरमध्ये साठते. तिथे ३०० ते ३२५ व्होल्ट असतात, कारण २३० हा सरासरीसारखा आकडा आहे, वीज दर लाटेला ३२५ पर्यंत चढते आणि कंडेन्सर ते शिखर पकडून ठेवतो. तिथून पुढे चॉपर ट्रान्झिस्टर किंवा त्याच कामाचा आयसी हे ३०० व्होल्ट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ढकलतो. दुसऱ्या बाजूने हवे तेवढे व्होल्ट निघतात: एलओटीच्या भागासाठी साधारण ११० ते १३०, बाकीच्या भागांसाठी चोवीसच्या आसपास, बारा, पाच. या सगळ्या व्यवस्थेला एसएमपीएस म्हणतात. एलओटी पुढे रंगीत ट्यूबसाठी २० ते २५ हजार व्होल्ट बनवतो.

आता झाकण का उघडू नये ते सांगतो. पिन काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये ते ३०० व्होल्ट राहू शकतात. चांगल्या सेटमध्ये ते काही सेकंदांत उतरतात. पण बिघडलेल्या सेटमध्ये, विशेषतः पुढचा भाग बंद पडलेला असेल तर, कितीतरी वेळ तसेच बसून असतात. "पिन काढली होती की" म्हणत बोट लावणाऱ्याला हा कंडेन्सर फेकून देतो. ट्यूबच्या पाठीवर रबरी टोपीखाली जे हजारो व्होल्ट असतात ते तर दिवसेंदिवस टिकतात. त्या झटक्यापेक्षा झटक्याने मागे गेलेला हात मानेवर आपटणे जास्त वाईट. मान फुटली की ट्यूब संपली, आणि आत हवा शिरताना काच कशी उडेल याचा भरवसा नाही. शिवाय या सेटचा अर्धा सांगाडा, आणि काही जुन्या सेटचा पूर्ण सांगाडा, सरळ विजेच्या तारेला जोडलेला असतो. ट्रान्सफॉर्मरची आडभिंत मध्ये नसते. उस्ताद मंडळी एक हात खिशात ठेवून मीटर लावतात ते ऐट म्हणून नव्हे. करंट एका हातातून दुसऱ्या हाताकडे गेला तर वाटेत छाती आहे.

सिरीज बोर्ड

माझ्या टेबलावर मल्टिमीटरच्याही आधी वापरात येणारी वस्तू आहे एका लाकडी फळीवरचा होल्डर, त्यात १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि शेजारी सॉकेट. फेजची तार बल्बातून जाते, मग सॉकेटला. म्हणजे सेटला मिळणारी सगळी वीज बल्बातून वाहते. सेटमध्ये शॉर्ट असला तर बल्ब पेटतो, आणि काही फुटत नाही, काही जळत नाही. हल्ली हे पिवळे बल्ब मिळेनासे झाले आहेत आणि एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. मी डझनभर जपून ठेवले आहेत.

हा बल्ब वाचता आला की अर्धे निदान झाले. तपासण्याआधी धुम्म करणाऱ्या वेटोळ्याची पिन काढायची, नाहीतर तेच करंट खात राहते आणि बल्ब खोटे सांगतो. मग बटण दाबायचे. बल्ब अजिबात पेटला नाही तर मार्ग कुठेतरी तुटलेला आहे: वायर, बटण, फ्यूज, किंवा पांढरा सिमेंटचा रेझिस्टन्स. बल्ब एकदा चमकून विझला तर मोठा कंडेन्सर भरला, पण पुढे कोणी वीज घेतच नाही. एसएमपीएस सुरू झालेला नाही. चमकून मंद पेटत राहिला तर सेट काम करतो आहे. आणि भिंतीवरच्या दिव्यासारखा लखलखीत पेटून राहिला तर शॉर्ट. नव्या पोरांना मी पहिला महिना मीटर देत नाही, फक्त हा बल्ब वाचायला लावतो.

फ्यूज काय सांगतो

फ्यूज उडाला म्हणजे फ्यूज बिघडला असे नाही. त्याने त्याचे काम केले. काचेच्या नळीतली तार मधोमध तुटून लोंबत असेल आणि काच स्वच्छ असेल, तर तो बहुधा थकून गेला आहे, किंवा लाईनमध्ये छोटी लाट आली होती. नवा घालून बल्बावर तपासा, पुष्कळदा सेट चालतो. पण काच काळी पडली असेल किंवा आतून चांदीसारखा लेप बसला असेल, तर आत सरळ शॉर्ट आहे. तिथे नवा फ्यूज घालणे म्हणजे नवा फ्यूज फुकट घालवणे.

अशा वेळी चार संशयित असतात. चार डायोडांपैकी एखादा, चॉपर ट्रान्झिस्टर किंवा आयसी, मोठा कंडेन्सर, आणि वेटोळ्याबरोबर बसणारा पोझिस्टर. हा पोझिस्टर म्हणजे प्लॅस्टिकच्या डबीतली चकती. ती गरम झाली की करंट अडवते, म्हणूनच "धुम्म" क्षणभरच होते. काही वर्षांनी चकती तडकते. वेटोळ्याची पिन काढली आणि फ्यूज टिकला, तर चोर तोच. डबी कानाशी हलवली की आतले तुकडे खुळखुळतात, मीटरही लागत नाही.

फ्यूजच्या जागी जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घातलेले सेट मी पाहिले आहेत. रंगीत सेटचा फ्यूज बहुधा ३.१५ किंवा ४ अँपिअरचा आणि संथ जातीचा असतो. जो आकडा सांगाड्यावर छापलेला आहे तोच घालायचा. तार घातल्यावर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी सांगाड्याची पट्टी जळते, आणि ती रात्री जळाली तर पडदेही जळतात.

खालांचा सेट

श्रीवर्धनकडच्या एका गावातून एक खाला त्यांचा २१ इंची सेट घेऊन आल्या होत्या. नवऱ्याने आखातातून आणलेला. नवरा आता नाही, मुलगा तिकडेच असतो. तालुक्याच्या एका दुकानात त्यांना सांगितले होते, "ट्यूब गेली, चारशे देतो, ठेवून जा." त्यांनी ठेवला नाही. किमतीमुळे नव्हे, त्यांना तो द्यायचाच नव्हता.

"भाई, होईल तर करा. नाहीतर मी परत नेऊन ठेवीन तसाच."

"खाला, बटण दाबल्यावर धुम्म असा आवाज येतो का?"

"येतो ना. आवाज येतो, मग काही नाही."

तेवढ्यावरच मला निम्मे कळले. उघडून बघितले तर फ्यूज चांगला, मोठ्या कंडेन्सरवर ३१० व्होल्ट, आणि पुढे शांतता. एसएमपीएसला सुरुवातीचा धक्का लागतो. ३०० व्होल्टच्या रेषेपासून चॉपरपर्यंत एक-दोन लाख ओहमचा रेझिस्टन्स थोडासा करंट पोहोचवतो, त्यावर चॉपर जागा होतो आणि मग आपला आपण चालतो. या रेझिस्टन्सवर वर्षानुवर्षे मोठा दाब असतो. बाहेरून तो अगदी नव्यासारखा दिसतो, जळलेला डाग नाही, काही नाही, पण आतून तुटलेला असतो. मीटर लावला तर अनंत. मी कंडेन्सर बल्बातून उतरवला, रेझिस्टन्स बदलला, शेजारचा दुसराही बदलला, कारण दोघांचे वय एकच. सिरीज बोर्डावर बल्ब चमकला आणि मंद झाला. पडद्यावर चर्र झाले.

खाला बघत होत्या. "म्हणजे ट्यूब नव्हती गेली?"

मी तो रेझिस्टन्स त्यांच्या हातावर ठेवला. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. त्यांनी तो रुमालाच्या टोकाला गाठ मारून ठेवला, बहुतेक मुलाला दाखवायला.

या दुकानदाराला दोष माहीत नव्हता की माहीत होता, हे मी सांगू शकत नाही. पण मुका सेट आणि "ट्यूब गेली" ही दोन वाक्ये एकत्र ऐकली की उठून दुसऱ्या दुकानात जा, एवढे नक्की सांगतो.

टिक-टिक करणारा सेट

काही सेट मुके नसतात. बटण दाबले की आतून घड्याळासारखी टिक-टिक येते, दिवा लुकलुकतो. याचा अर्थ एसएमपीएस जिवंत आहे. तो उठायचा प्रयत्न करतो, पुढे शॉर्ट दिसतो, घाबरून बसतो, पुन्हा उठतो. शॉर्ट बहुतेक वेळा एलओटी चालवणाऱ्या मोठ्या ट्रान्झिस्टरचा असतो. तो बदलणे सोपे आहे, आणि म्हणूनच तिथे घाई होते. तो का गेला हे बघितले नाही तर नवा दहा मिनिटांत जातो. एलओटीच्या पायांभोवतीचा डाग बघा: वर्षानुवर्षे तापून-निवून त्यात केसाएवढी गोल भेग पडते, भिंगातून दिसते. यालाच ड्राय सोल्डर म्हणतात. टीव्हीच्या डोक्यावर चापट मारल्यावर सेट चालू होतो, ती करामत याच भेगेची. पुन्हा डाग दिला की भागते. एलओटीच आतून शॉर्ट झाला असेल तर मात्र खर्च वाढतो, कारण त्या नंबरचा एलओटी आता शोधावा लागतो.

निश्चित करायची पद्धत अशी: तो मोठा ट्रान्झिस्टर काढून घ्यायचा आणि ११० व्होल्टच्या रेषेवर भार म्हणून ६० वॅटचा बल्ब लावायचा. टिक-टिक थांबली, बल्ब स्थिर पेटला आणि मीटर छापील आकडा दाखवतो, तर वीजपुरवठा चांगला आहे, दोष पुढे. मीटर दीडशेच्या वर गेला तर दोष वीजपुरवठ्यातच आहे, आणि त्यानेच पुढचा ट्रान्झिस्टर मारला.

याच रेषेवर अनेक सेटमध्ये एक छोटा संरक्षक डायोड बसवलेला असतो. व्होल्टेज हाताबाहेर गेले की तो स्वतः शॉर्ट होऊन मरतो आणि बाकी सेट वाचवतो. काही जण तो नुसता कापून टाकतात. सेट सुरू होतो, गिऱ्हाईक खूश होते. मग एके दिवशी एलओटी फुटतो.

सकाळी सुस्त, दुपारी चुस्त

एक वेगळीच तक्रार असते. सेट सकाळी लागत नाही, चार-पाच वेळा बटण दाबल्यावर लागतो, आणि एकदा लागला की दिवसभर चालतो. थंडीत त्रास जास्त. हा एसएमपीएसमधल्या छोट्या कंडेन्सरचा आजार. त्यात ओलसर रसायन असते, उष्णतेने ते सुकत जाते. गरम असताना तो कसाबसा काम करतो, गार असताना नाही. मेकॅनिक केस वाळवायच्या ड्रायरने एकेका कंडेन्सरला ऊब देतो. ज्याला ऊब दिल्यावर सेट उठतो तो बदलायचा. नवा घेताना त्यावर १०५ अंश लिहिलेला घ्या, ८५ अंशांचा नको. दहा अंशांच्या फरकाने अशा कंडेन्सरचे आयुष्य साधारण दुप्पट-निमपट होते, आणि या डब्यात गरमी कमी नसते.

मोठा कंडेन्सर थकला तर सेट चालतो, पण चित्राच्या कडा पाण्यासारख्या हलतात आणि पडद्यावरून दोन धूसर आडवे पट्टे सरकत जातात. त्याकडे दुर्लक्ष करू नका, ती पुढच्या मोठ्या बिघाडाची चाहूल असते.

आखाती सेट

कोकणातल्या मुसलमान घरांत ऐंशीच्या दशकात टीव्ही दुकानातून कमी आणि विमानतळावरून जास्त आला. आखातात गेलेला माणूस परतताना टेपरेकॉर्डर, मग टीव्ही, मग व्हीसीआर आणायचा. हे सेट चांगले असत, काही अजून चालतात. पण त्यांच्यात एक खोड आहे. सौदीत त्या काळी बऱ्याच घरांत १२७ व्होल्टची लाईन होती, म्हणून काही सेटच्या पाठीवर ११० आणि २२० चे सरकते बटण असे. हे बटण ११० वर असले की आतली जोडणी व्होल्टेज दुप्पट करते. तिकडे ते बरोबर होते. तोच सेट इथे २३० ला लावला की मोठ्या कंडेन्सरवर सहाशेच्या वर व्होल्ट चढतात आणि तो फटाक्यासारखा फुटतो. आजोबांचा माळ्यावरचा सेट नातवाने उतरवला आणि पहिल्याच मिनिटाला धूर निघाला, असे प्रकार अजून येतात. माळ्यावरून उतरवलेल्या सेटची पाठ आधी बघा. बटण असेल तर २२० वर आहे याची खात्री करा, आणि पहिल्यांदा तो सिरीज बोर्डावरच लावून घ्या.

वादळ, पूर, तुटलेला न्यूट्रल

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा आमच्या किनाऱ्यावर कितीतरी गावे बरेच दिवस अंधारात होती. अशा वेळी वीज परत येण्याचा क्षण फार वाईट असतो. खांबावरची न्यूट्रलची तार तुटली किंवा सैल राहिली, तर काही घरांत दिवे मंद होतात आणि काही घरांत २३० च्या जागी ४०० पर्यंत जातात. दिवे अचानक डोळे दिपवण्याएवढे पेटले, पंखा वेडा झाला, तर विचार करत बसू नका. मेन स्विच पाडा. एका संध्याकाळी एकाच मोहल्ल्यातले सात-आठ सेट आले तर मी सेट उघडण्याआधी खांबाची चौकशी करतो. स्टॅबिलायझर अशा वेळी हमखास वाचवतोच असे नाही. पिन काढलेला सेट वाचतो.

विजेच्या गडगडाटात नुसती पिन काढून भागत नाही, केबलची किंवा डिशची तारही काढायची.

जुलै २००५ आणि जुलै २०२१ च्या पुरांत महाड-चिपळूणकडचे सेट अक्षरशः बुडाले होते. लोकांनी ते दोन दिवस उन्हात ठेवून लावले. बाहेरून सुकलेल्या सेटच्या ट्रान्सफॉर्मरखाली चिखल ओलाच असतो. पुराचा सेट स्वच्छ पाण्याने आतून धुवावा लागतो, हो, धुवावाच लागतो, आणि मग आठवडाभर सुकवून बल्बावर तपासावा लागतो. हे काम मेकॅनिकचे आहे. किनाऱ्यावर पूर नसला तरी खारा वारा आहेच. तो डाग खातो, पायऱ्या हिरव्या करतो. आणि पाल. उबेला आत शिरते आणि तीनशे व्होल्टवर स्वतःही मरते, सेटही मारते. मागच्या जाळीवर रुमाल टाकून पाल थांबत नाही, उलट हवा बंद होते.

दुरुस्त करावा का

चित्र पूर्वी स्वच्छ होते आणि सेट अचानक बंद पडला, तर करावा. दोष वीजपुरवठ्यात असेल तर खर्च मुख्यतः मजुरीचा असतो. मेकॅनिकला तीन गोष्टी सांगा: आधी दोष सांगा मग हात लावा, बदललेले सामान परत द्या, आणि घरी न्यायच्या आधी सेट दोन तास चालू ठेवून दाखवा. चांगला कारागीर यावर रागावत नाही. बंद पडण्याआधीच चित्र अंधूक झाले होते, लाल रंग गेला होता, तर ट्यूब खरोखर थकली आहे. वीजपुरवठ्यावर पैसे घालून ती तरुण होणार नाही.

तो सेट टाकतानाही थोडे जपा. तांब्याच्या तारेसाठी भंगारात ट्यूब हातोड्याने फोडतात, आणि आजूबाजूला पोरे उभी असतात. त्या काचेत शिसे आहे. ई-कचऱ्याचे सध्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांत टीव्ही येतो. नोंदणी असलेल्या संकलन केंद्राकडे किंवा नवा सेट घेताना दुकानदाराकडे देता येतो का ते विचारा. नाहीतर एखाद्या चालू मेकॅनिकला द्या. थकलेल्या ट्यूबच्या सेटमधला एलओटी, पोझिस्टर, बटण शाबूत असते. माझ्या दुकानात माळ्यावर असे अकरा सांगाडे आहेत, आणि एलओटी बाजारात मिळेना झाल्यापासून दुसऱ्यांचे सेट त्यांच्यावरच उठतात.